मुखातील अदृश्य झरे : लाळग्रंथींची रचना, कार्य आणि आहारविवेक

पाच इंद्रियांपैकी रसनेंद्रियावर विजय मिळवणे अत्यंत कठीण, असे जैन परंपरा मानते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेल्या सहा बाह्य तपांपैकी अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग ही पहिली चार तपे थेट आहाराशी निगडित आहेत. यावरून रसनेचे सामर्थ्य पूर्वाचार्यांनी किती बारकाईने ओळखले होते हे ध्यानात येते. मात्र ही बलाढ्य रसना स्वतः एका साध्या द्रवावर अवलंबून असते. जीभ स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडी करून तिच्यावर साखरेचे चार दाणे ठेवले, तर क्षणभर काहीच चव लागत नाही. दाणे ओले झाले, विरघळले, की मगच गोडी कळते. पदार्थातील रस जिभेवरील रुचिकलिकांपर्यंत पोहोचवणारा हा द्रव म्हणजे लाळ.

लाळेविषयी सामान्यतः किळसच वाटते. थुंकी, उष्टे, लाळ गळणे हे शब्द सौजन्याच्या संभाषणात टाळले जातात. परंतु हा द्रव आटला, तर घास गिळता येत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते आणि निरोगी दात थोड्याच काळात किडू लागतात. व्रत-उपवासांना जीवनात मोठे स्थान देणाऱ्या समाजाने तर या ग्रंथींचा परिचय अवश्य करून घ्यावा. व्रतांच्या काळात त्यांचे कार्य कसे बदलते आणि त्या संकटात सापडल्या तर कोणता इशारा देतात, हे कळले म्हणजे तप अधिक सजगतेने करता येते.

तीन जोड्या आणि शेकडो लहान ग्रंथी

मानवी मुखात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सर्वांत मोठी जोडी कानांच्या पुढे व किंचित खाली, जबड्याच्या कडेवर असते. तिला अनुकर्ण ग्रंथी म्हणतात. गालगुंड झाले असता याच ग्रंथी सुजतात आणि चेहरा फुगलेला दिसतो. अनुकर्ण ग्रंथीची वाहिनी सुमारे 5 सेंटिमीटर लांब असून ती गालाच्या स्नायूतून आरपार जाते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतील बाजूस उघडते. आरशासमोर गाल बाजूला ओढून पाहिल्यास तेथे एक बारीक उंचवटा दिसतो. चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणारी आनन चेता याच ग्रंथीतून जाते आणि ग्रंथीच्या आतच तिच्या पाच मुख्य शाखा होतात. म्हणूनच या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया अतिशय जपून करावी लागते. चेतेला इजा झाली तर डोळा मिटणे आणि हसणे या साध्या क्रियाही बिघडू शकतात.

दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या हाडाखाली असते. ती अधोहनू ग्रंथी. तिची वाहिनी जिभेखालच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंस उघडते. तिसरी, आकाराने सर्वांत लहान जोडी जिभेखाली असते. ती अधोजिव्हा ग्रंथी. यांखेरीज ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या अस्तरात 600 ते 1000 लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांचा स्राव थोडा असला, तरी मुखाच्या त्वचेवर सतत ओलावा राखण्याचे काम त्याच करतात.

या ग्रंथींनी कामे वाटून घेतली आहेत. अनुकर्ण ग्रंथीचा स्राव पाण्यासारखा पातळ आणि पाचक विकरांनी समृद्ध असतो. अधोजिव्हा ग्रंथीचा स्राव बुळबुळीत व चिकट असतो. अधोहनू ग्रंथी दोन्ही प्रकारचा स्राव देते. तोंड विश्रांतीत असताना सुमारे दोन तृतीयांश लाळ अधोहनू ग्रंथींतून येते. घास चावू लागताच अनुकर्ण ग्रंथी जोमाने कामाला लागतात आणि एकूण लाळेत त्यांचा वाटा निम्म्यावर जातो.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ग्रंथी द्राक्षांच्या घडासारखी दिसते. घडातील मणी म्हणजे स्रावी पेशींचे पुंजके आणि देठ म्हणजे वाहिन्या. पुंजक्यांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते. ते आवळले की स्राव पुढे ढकलला जातो. पुंजक्यात तयार होणाऱ्या मूळ द्रवातील क्षारांचे प्रमाण रक्तद्रवासारखेच असते. वाहिनीतून पुढे सरकताना तेथील पेशी त्यातील सोडियम व क्लोराइड शोषून परत रक्तात पाठवतात आणि पोटॅशियम व बायकार्बोनेट त्यात मिसळतात. त्यामुळे मुखात येणारी लाळ जवळजवळ अळणी असते. लाळ रक्ताइतकी खारट असती, तर अन्नातील अल्पसे मीठ जिभेला जाणवलेच नसते.

गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत

गर्भ अवघा सहा आठवड्यांचा असताना लाळग्रंथींचा आरंभ होतो. भावी मुखाच्या अस्तरातून प्रथम अनुकर्ण ग्रंथीचा कोंब फुटतो, मागोमाग अधोहनू ग्रंथीचा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास अधोजिव्हा ग्रंथीचा. हा कोंब खालच्या मऊ ऊतीत शिरतो, त्याला फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांना पुन्हा उपफांद्या येतात. सुरुवातीला या फांद्या भरीव असतात. पुढे त्यांच्या मध्यभागातील पेशी नियत क्रमाने नाश पावतात आणि पोकळ वाहिन्या तयार होतात. काही पेशींच्या लोपातूनच स्रावाला मार्ग मिळतो, ही निसर्गाची योजना विचार करण्याजोगी आहे.

नवजात बालकाच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर फार थोडे असते. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, या वैद्यकीय सल्ल्याशी हे सुसंगतच आहे. तीन-चार महिन्यांचे बाळ लाळ गाळू लागले की घरातील वडीलधारी माणसे दात येण्याची लक्षणे पाहू लागतात. वस्तुतः त्या वयात ग्रंथी अधिक कार्यरत झालेल्या असतात आणि लाळ वेळेवर गिळण्याचे कौशल्य बाळाला अद्याप साधलेले नसते.

वार्धक्यात ग्रंथीतील काही स्रावी पेशींची जागा मेद व तंतुमय ऊती घेतात. तरीही निरोगी वृद्धांचे तोंड केवळ वयामुळे कोरडे पडतेच असे नाही. वृद्धांच्या मुखशुष्कतेमागे बहुधा औषधे किंवा आजार असतात. ‘वय झाले, आता असेच व्हायचे’ असे म्हणून हे लक्षण सोडून देणे योग्य नव्हे.

एका घासातील कार्ये

प्रौढ व्यक्तीच्या मुखात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिच्यात सुमारे 99 टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात मात्र आश्चर्यकारक सामग्री आहे. अमायलेज हे विकर पिष्टाचे विघटन करून त्यापासून माल्टोज ही शर्करा बनवते. म्यूसिन हे चिकट द्रव्य घासाला गुळगुळीत करते. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन व प्रतिपिंडे जंतूंच्या वाढीला आवर घालतात. बायकार्बोनेट आम्लाचे शमन करते आणि कॅल्शियम व फॉस्फेट दातांच्या कवचाची झीज भरून काढतात.

आयंबिल करणाऱ्यांना यांतील एका कार्याचा प्रत्यय सहज येतो. तूप, तेल, दूध, दही, गूळ व मसाले वर्ज्य करून केलेली कोरडी पोळी किंवा नुसता भात सावकाश चावला, तर काही वेळाने तोंडात मंद गोडी उतरते. ही गोडी बाहेरून आलेली नसते. लाळेतील अमायलेजने धान्यातूनच ती मोकळी केलेली असते. घाईघाईने गिळणाऱ्याला ती कधीच भेटत नाही. या विकराची जनुके सर्व माणसांत सारख्या संख्येने नसतात. पिष्टमय आहारावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मानवसमूहांत या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक आढळतात, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

या सर्व कार्यावर स्वायत्त चेतासंस्थेचे नियंत्रण असते. परानुकंपी चेता जागृत झाल्या की पातळ, भरपूर लाळ सुटते. चिंचेच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते ते यामुळेच. भय किंवा तणाव असताना लाळेचा ओघ मंदावतो आणि ती दाट होते. प्रथमच व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या वक्त्याच्या घशाला पडणारी कोरड हे त्याचे परिचित उदाहरण.

ज्ञानाची वाट

या ग्रंथींचे ज्ञान टप्प्याटप्प्याने उलगडले. इंग्रज वैद्य थॉमस व्हार्टन यांनी 1656 मध्ये ग्रंथींवरील आपल्या ग्रंथात अधोहनू ग्रंथीच्या वाहिनीचे वर्णन केले. 1660 मध्ये ॲमस्टरडॅम येथे शिकत असलेल्या निल्स स्टेनसन या 22 वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्याला अनुकर्ण ग्रंथीची वाहिनी सापडली. पुढे भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना झाली. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना पचनाच्या शरीरक्रियांवरील संशोधनासाठी 1904 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न समोर नसताना केवळ त्याची सूचना मिळाली तरी लाळ सुटते, हे त्यांच्या प्रयोगांतून जगाला कळले. उंदरांच्या अधोहनू ग्रंथींतून पेशींच्या वाढीस चालना देणारी द्रव्ये मिळाली आणि त्या विषयावरील कार्यासाठी स्टॅन्ली कोहेन व रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या ज्ञानाची किंमत असंख्य मुक्या प्राण्यांनी मोजली आहे, हे अहिंसेच्या उपासकांना विसरता येणार नाही. समाधानाची गोष्ट अशी की, लाळेच्या काही थेंबांवरून संप्रेरकांची पातळी, काही संसर्ग आणि व्यक्तीची जनुकीय माहिती आज तपासता येते. त्यासाठी सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

दिवस, रात्र आणि आहाराचा संयम

लाळेच्या ओघाला दिवस-रात्रीची लय असते. जागेपणी, तोंड विश्रांतीत असताना, मिनिटाला सरासरी 0.3 ते 0.4 मिलिलिटर लाळ येते. चावताना हा ओघ अनेक पटींनी वाढतो. झोपेत मात्र तो जवळजवळ थांबतो. सकाळी उठल्यावर तोंडाला येणारा वास आणि चिकटपणा याचे हेच कारण.

याचा दातांशी थेट संबंध आहे. गोड किंवा पिष्टमय पदार्थ खाल्ल्यावर दातांवरील जंतू काही मिनिटांतच आम्ल निर्माण करतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे सामू 5.5 च्या खाली उतरला, की दातांचे कवच विरघळू लागते. लाळ हे आम्ल धुऊन काढते, त्याचे शमन करते आणि साधारण अर्ध्या ते एका तासात स्थिती पूर्ववत करते. अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हा चढउतार आलेखातून दाखवला. त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दातांचे नुकसान केवळ गोडाच्या प्रमाणावर ठरत नाही, ते किती वेळा खाल्ले जाते यावरही ठरते. दर तासाला बिस्किट, चॉकलेट किंवा गोड चहा घेणाऱ्याच्या लाळेला दुरुस्तीसाठी अवधीच मिळत नाही. झोपण्यापूर्वी खाल्लेल्या गोडाची तर दाद घेणारेच कोणी नसते.

एकासणे, बियासणे आणि सूर्यास्तानंतरचा आहारत्याग या व्रतांचे अधिष्ठान अहिंसा व संयम हे आहे. दंतारोग्याचा लाभ हा त्यांचा हेतू नव्हे आणि त्यांना विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरजही नाही. तथापि खाण्याच्या वेळा मर्यादित असणे, दोन आहारांत पुरेसे अंतर असणे आणि निद्रेपूर्वी मुख स्वच्छ व रिकामे असणे हे लाळग्रंथींच्या स्वाभाविक लयीशी उत्तम जुळते. घरातील मुलांना रात्रिभोजनत्यागाचे महत्त्व सांगताना ही माहितीही सांगता येईल. मात्र सूर्यास्तापूर्वी घाईघाईने गोडधोड खाऊन तोंड न धुता झोपी गेल्यास हा लाभ हातचा जातो.

तपातील सावधानता

उपवासात चावण्याची क्रिया थांबते, त्यामुळे लाळेचा ओघ घटतो. शरीरातील पाणी कमी झाले की तो आणखी घटतो. त्यातच शरीर साठवलेली चरबी वापरू लागते आणि श्वासाला एक विशिष्ट गंध येतो. तिविहार उपवासात उकळलेले पाणी दिवसभर थोड्या थोड्या अंतराने घेतले, तर एकदम भरपूर पिण्यापेक्षा मुखाचा ओलावा अधिक काळ टिकतो. तपस्व्याने शक्य तितके मौन पाळणेही हितकर ठरते. बोलताना तोंडाने श्वास घेतला जातो आणि जीभ अधिक सुकते.

निरोगी तरुणाला हा कोरडेपणा सहज सोसतो. वृद्ध तपस्व्यांची स्थिती वेगळी असते. रक्तदाबासाठी दिली जाणारी, लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे, ॲलर्जीवरील अनेक गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे यांमुळे लाळ आधीच कमी झालेली असू शकते. मधुमेहातही तोंड कोरडे पडते. अशा अवस्थेत निर्जल उपवास लांबला, तर लाळेचा प्रवाह थांबल्याने मुखातील जंतू वाहिनीतून उलट दिशेने अनुकर्ण ग्रंथीत शिरू शकतात. कानाखाली वेदनायुक्त सूज, ताप आणि तोंडात कडवट पू येणे ही त्याची लक्षणे होत. हा आजार गंभीर रूप घेऊ शकतो व त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. ही सूज गालगुंड समजून घरगुती लेप लावत बसणे धोक्याचे आहे. म्हणून नियमित औषधे घेणाऱ्यांनी अठ्ठाईसारख्या दीर्घ तपाचे प्रत्याख्यान घेण्यापूर्वी वैद्यांशी अवश्य बोलावे आणि गुरुमहाराजांनाही आपली प्रकृती स्पष्ट सांगावी. प्रत्याख्यानाच्या पाठात आगारांची, म्हणजे अपवादांची, तरतूद आहे. चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधोपचारासाठी ठेवलेला आगारही त्यांत आहे. संकटसमयी त्याचा आधार घेण्यास कमीपणा मानू नये. कुटुंबीयांनीही तपस्व्याला केवळ शाता विचारून न थांबता त्याचे ओठ, जीभ आणि लघवीचे प्रमाण यांकडे लक्ष द्यावे.

पारण्याच्या वेळी पहिल्या घोटासरशी अनेकांना कानाखाली क्षणभर कळ जाणवते. काही काळ शांत असलेल्या ग्रंथी अकस्मात स्रवू लागल्याचे ते चिन्ह आहे. ती थोड्याच वेळात शमते. मात्र प्रत्येक जेवणाच्या वेळी जबड्याखाली गाठ फुगते, दुखते आणि नंतर ओसरते असे होत असेल, तर वाहिनीत खडा असण्याचा संभव असतो. लाळेचे बहुतेक खडे अधोहनू ग्रंथीत होतात. तिची लाळ दाट असते व वाहिनी चढणीची असते, हे त्याचे कारण.

गोड सुपारीचा कडू परिणाम

मद्य, मांस यांपासून दूर राहणाऱ्या घरांतही जेवणानंतर सुपारीचे तबक फिरते, ही विसंगती आता दूर व्हायला हवी. सुपारीतील ॲरेकोलिन हे द्रव्य लाळग्रंथींच्या चेतांना उत्तेजित करते. तोंड रसाने भरते आणि तृप्तीचा भास होतो. पण तीच सुपारी गालाच्या आतील मऊ अस्तरात कठीण तंतू वाढवते. हळूहळू तोंड उघडणे अवघड होते, तिखट सोसेनासे होते आणि त्या जागी कर्करोगाचा धोका निर्माण होतो. सुपारीत तंबाखू नसली, तरी ती स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. घरातील सुपारीवर बंदी घालण्याचा अधिकार मात्र गृहिणी आणि गृहस्थ यांचाच आहे. लग्नसमारंभात, स्वामीवात्सल्यात सुपारीऐवजी बडीशेप किंवा धनाडाळ ठेवली, तर मुखशुद्धी होते आणि कोणाच्या मुलाला व्यसनाची पहिली चव आपल्या मांडवात मिळत नाही.

मुखकर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांत लाळग्रंथी अनेकदा कायमच्या क्षीण होतात. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी 1933 मध्ये सविस्तर वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ व अश्रू यांच्या ग्रंथींवर उलटते. हा आजार प्रामुख्याने स्त्रियांना होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे आणि पाण्याच्या घोटाशिवाय घास न उतरणे ही लक्षणे महिनोन्‌महिने टिकली, तर ती उष्णतेवर ढकलू नयेत.

ध्यानात ठेवण्याजोगे

घास सावकाश व पूर्ण चावावा. दोन आहारांच्या मध्ये गोड पदार्थ चघळत राहू नये. शेवटच्या आहारानंतर दात स्वच्छ करावेत. व्रत नसेल त्या दिवशी पाणी पुरेसे प्यावे. कोरडेपणावर उपाय म्हणून लिंबू किंवा आंबट गोळ्या सतत चघळू नयेत. लाळ कमी असताना आम्लाने दात लवकर झिजतात. औषध सुरू झाल्यापासून तोंड सुकत असेल, तर ते परस्पर बंद न करता वैद्यांना सांगावे. कानापुढे किंवा जबड्याखाली न दुखणारी गाठ वाढत असेल, तर ती दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. गालगुंडाच्या लसीविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

रसनाजय ही आयुष्यभराची साधना आहे. त्या साधनेत हा देहच साधन आहे आणि साधनाची निगा राखणे हे साधकाचे कर्तव्य ठरते. कोणता घास नाकारायचा याचा विवेक धर्माने दिला आहे. स्वीकारलेल्या घासाला शांतपणे, पुरेसा वेळ देऊन न्याय देणे आणि ग्रंथींनी दिलेला इशारा वेळीच ऐकणे हाही त्याच विवेकाचा भाग होय.